खोलीला धनी, छपराला कोणी नाही: जुन्या हवानातील प्लासा व्हिएहा

क्यूबाची राजधानी हवाना. तिचा सर्वांत जुना भाग म्हणजे जुने हवाना, स्पॅनिशमध्ये ‘ला हबाना व्हिएहा’. प्रभाग म्हणून त्याचे क्षेत्रफळ साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. जतनाच्या कामात ज्याला ऐतिहासिक केंद्र म्हणतात, ते त्याहून लहान, 2.14 चौरस किलोमीटरचे. पूर्वीच्या तटाच्या आतली वस्ती आणि तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावरची घरे एवढाच त्याचा विस्तार. 2001 च्या गणनेत इथे 66,742 माणसे राहत होती, म्हणजे चौरस किलोमीटरला 31 हजार. इमारती मात्र बहुतेक दोन-तीन मजलीच. 2012 च्या जनगणनेत हा आकडा सुमारे 55 हजारांवर आला. अकरा वर्षांत दर सहा माणसांमागे एक कमी झाला.

याच काळात या भागात जगभर वाखाणलेले दुरुस्तीचे काम चालले होते. चौक उजळले, वाडे उभे राहिले, आणि तरीही त्याच गल्ल्यांमध्ये घरे कोसळत राहिली. दुरुस्ती होत असताना माणसे का घटली आणि उरलेल्यांची छपरे का पडत राहिली, हे दोन प्रश्न एकत्र पाहायला हवेत. त्यासाठी या भागातला एकच चौक, प्लासा व्हिएहा, नजरेसमोर ठेवला आहे.

भाड्याच्या खोलीचे शहर

हवाना 1519 पासून आजच्या जागी आहे. त्याआधीची वसाहत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर होती. उत्तरेला यायचे कारण बंदर. इथल्या खाडीचे तोंड अरुंद आहे आणि आत गेल्यावर ती पिशवीसारखी फुगते, त्यामुळे जहाजे वाऱ्यापासूनही सुरक्षित आणि शत्रूपासूनही. 1555 मध्ये झाक द सोर या फ्रेंच चाच्याने गाव लुटून जाळले, तेव्हा स्पेनने दगडी किल्ले बांधायला घेतले. पुढे वेराक्रूस, कार्ताहेना आणि पोर्तोबेलो या स्पेनच्या अमेरिकेतल्या बंदरांतून सोनेचांदी घेऊन येणारी जहाजे इथे जमू लागली आणि तांडा करून एकत्र स्पेनमधल्या सेव्हिलकडे निघू लागली. तांडा पुरा होईपर्यंत खलाशी, सैनिक, व्यापारी आठवडेच्या आठवडे किनाऱ्यावर काढत. त्यांना खोली, जेवण, पाणी लागे. खोली भाड्याने देण्याचा धंदा या शहरात साखरेच्याही आधी रुजला, ही गोष्ट पुढच्या चारशे वर्षांसाठी ध्यानात ठेवावी.

1592 मध्ये आल्मेन्दारेस नदीचे पाणी शहरात आणणारा कालवा, सान्हा रेआल, पुरा झाला. त्याच वर्षी गावाला शहराचा दर्जा मिळाला. 1674 मध्ये तटाचे काम सुरू झाले आणि ते मुख्यतः 1740 पर्यंत चालले. 1762 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी शहर घेतले आणि अकरा महिने ठेवले. मग फ्लोरिडाच्या बदल्यात ते स्पेनला परत मिळाले. त्यानंतर साखर आणि गुलामांचा व्यापार झपाट्याने वाढला. तटाच्या आत मालक आणि गुलाम एकाच घरात, वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. गुलामगिरी इथे 1886 पर्यंत चालली. पण शहरात स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीरही मोठ्या संख्येने होते. आज ज्या कडीपाटांचे कौतुक होते, त्यांतले कितीतरी काम त्या सुतार-गवंड्यांच्या हातचे आहे.

1863 मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. या प्रकरणातला हा निर्णायक टप्पा आहे. दाटीला कंटाळलेली श्रीमंत घराणी तटाबाहेर, एल सेरो भागातल्या बागबंगल्यांकडे आणि मग वेदादो या नव्या वस्तीकडे सरकली. मागे राहिलेले बहुतेक वाडे विकले गेले नाहीत, खोलीखोलीने भाड्याला लागले. होसे मार्ती हा क्यूबाचा राष्ट्रपुरुष 28 जानेवारी 1853 रोजी इथल्याच पाउला रस्त्यावरच्या एका लहान घरात जन्मला. त्या घराचा वरचा मजला त्याच्या आईवडिलांनी भाड्याने घेतला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत स्पेनच्या गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांतून बोटी भरून माणसे आली. अमेरिकेने दारे आवळल्यावर 1920 च्या दशकात पूर्व युरोपातले ज्यू आले. त्यांना सगळे सरसकट ‘पोलाको’, म्हणजे पोलिश, म्हणत. आकोस्ता आणि मुराया रस्त्यांवर त्यांची कापडाची आणि शिवणकामाची दुकाने होती. दक्षिणेकडचा सान इसिद्रो हा बंदराला लागून असलेला भाग, वेश्यावस्तीसाठी राखलेला. तिथला तो सरकारी परवाना 1913 मध्ये बंद झाला, भाड्याच्या खोल्या तशाच राहिल्या.

एका चौकाचे घर

प्लासा व्हिएहा म्हणजे ‘जुना चौक’. 1559 मध्ये आखला तेव्हा त्याचे नाव ‘नवा चौक’ होते. शहराच्या इतर चौकांना एकेक धनी होता: कुठे गव्हर्नर, कुठे चर्च, कुठे जकात. या चौकाभोवती फक्त घरे आणि बाजार होता. बैलांच्या झुंजी, मिरवणुका, शिक्षा, भाजीबाजार असे सगळे मध्ये चाले आणि भोवतालच्या सज्जांतून लोक ते पाहत. चौकाची खरी ओळख त्याच्या रहिवाशांत आहे, म्हणून इथली लोकसंख्येची हानी इतर चौकांपेक्षा जास्त जाणवते.

व्यापाऱ्याचे घर तीन थरांचे असे. तळमजल्यावर गोदाम आणि कचेरी, दर्शनी भागात रस्त्यावर उघडणारे लहान गाळे. मध्ये बुटका अर्धमजला, तिथे कारकून आणि घरकामाचे गुलाम. वर पाच-सहा मीटर उंचीच्या खोल्यांत मालकाचे कुटुंब. रस्त्यावरून आत शिरले की देवडी, इतकी रुंद की घोडागाडी आत यावी. देवडीपुढे घराचा आतला चौक, त्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके, चौकाभोवती ओसऱ्या. मराठी वाड्यात वावरलेल्या माणसाला या घराचा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. फरक गच्चीचा आहे. कौलारू उतार सोडून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सपाट धाब्याची छपरे आली: देवदार किंवा महोगनीच्या कड्या, वर फळ्या, त्यावर चुना-मातीचा दहा-बारा सेंटिमीटरचा थर आणि वर भाजक्या फरशा.

भाड्याच्या काळात हे घर तुटत गेले ते क्रमाने. आधी रस्त्याकडचे गाळे स्वतंत्र भाड्याला गेले. मग वरच्या दिवाणखान्यात लाकडी पडद्या उभ्या राहिल्या. मग ओसऱ्या फळ्यांनी बंद झाल्या, चौकात चुली आणि न्हाण्या आल्या. अशा घराला हवानात ‘सोलार’ किंवा ‘सिउदादेला’ म्हणतात. मधला चौक, भोवती एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, नळ आणि संडास सामाईक. दर्शनी भिंत तीच राहिली, आत मात्र एका कुटुंबाच्या जागी वीस-पंचवीस आली.

उंच खोलीचा शेवटचा वापर म्हणजे ‘बार्बाकोआ’, आपला पोटमाळा. पाच मीटर उंचीच्या खोलीत सव्वादोन मीटरवर दुसरी जमीन घातली की राहायची जागा दुप्पट होते. मुलाचे लग्न झाले की माळा पडतो. आधी तो लाकडाचा असे. पुढे लाकूड मिळेना, तसे लोक सळ्या आणि सिमेंट वापरू लागले. खिडकी दोन मजल्यांत कापली जाते, म्हणून वरच्याला उजेड मिळतो तर खालच्याला वारा मिळत नाही. रस्त्यावरून पाहताना एका उंच खिडकीच्या वरच्या अर्ध्यात दुसरा पडदा दिसला, तर आत माळा आहे असे समजावे.

प्लासा व्हिएहा या चौकाने स्वतःही बरेच सोसले. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या पोटात मोटारींसाठी तळघर बांधले गेले. त्याचे छप्पर रस्त्याच्या पातळीच्या वर आले, त्यामुळे भोवतालच्या घरांसमोर काँक्रीटचा ओटा उभा राहिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात आखलेल्या मोठ्या नगररचना आराखड्यात जुन्या हवानातले रस्ते रुंद करून आतल्या भागात उंच इमारती उठवायचा बेत होता. 1959 च्या क्रांतीनंतर तो बासनात गेला. घरे वाचली, हे खरे. पण ती सांभाळण्याची व्यवस्था कोणी उभी केली नाही.

कायद्याने खोली दिली, जिना राहिला

ऑक्टोबर 1960 च्या नागरी सुधारणा कायद्याने भाड्याचा धंदा संपवला. घरमालक गेला. चांगल्या घरांतले भाडेकरू हप्ते फेडून मालक झाले, सोलारमधल्यांना खोल्यांचा कायमचा वापर मिळाला. रस्त्यावर फेकले जाण्याची भीती गेली. ज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या अनुभवली होती, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखू नये.

पण जुना मालक, कितीही लोभी असला तरी, पाऊस सुरू होण्याआधी गच्चीवर माणूस चढवत असे, कारण ते छप्पर त्याचे होते. नव्या व्यवस्थेत खोलीला धनी मिळाला. गच्ची, पन्हाळी, जिना, भिंतीच्या पोटातली तुळई, चौकाखालचे टाके यांची जबाबदारी सरकारी दुरुस्ती खात्याकडे गेली आणि त्याच्याकडे ना सिमेंट होते ना माणसे. क्रांतीच्या सरकारने पैसा खेड्यांकडे आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहतींकडे वळवला. सवलती दुर्लक्षित खेड्यांना देणे न्याय्यच होते, पण जुन्या शहराने तीस वर्षे पाऊस अंगावर घेतला. बिऱ्हाडांना एकत्र येऊन सामाईक भागासाठी वर्गणी काढता येईल, कंत्राटदार नेमता येईल, बाजारातून तुळई विकत आणता येईल, अशी सोय नव्हती. घरांची उघड खरेदी-विक्रीसुद्धा थेट 2011 मध्ये सुरू झाली. आमच्या मते या प्रकरणातली मूळ चूक इथेच आहे, आणि पुढची कोणतीही योजना ती दुरुस्त करू शकली नाही.

घर पडते कसे

जुन्या हवानात घर पडते तेव्हा बातमीत पावसाचे नाव येते. पाऊस शेवटचा धक्का देतो. त्याआधी पाच-सहा गोष्टी एकावर एक साचलेल्या असतात.

सुरुवात पन्हाळीपासून. गच्चीचे पाणी वाहून नेणारे तोंड पाने आणि पोपड्यांनी बुजते. पाणी साचते, फरशांच्या सांध्यांतून चुना-मातीच्या थरात उतरते. चाळीस चौरस मीटरच्या गच्चीवर दहा सेंटिमीटरचा थर असेल आणि त्याने आपल्या आकारमानाच्या वीस टक्के पाणी शोषले, तर कड्यांवर आठशे किलो वजन वाढते. वर नळाला पाणी रोज येत नाही म्हणून लोकांनी टाक्या ठेवलेल्या असतात. हजार लिटरची एक टाकी म्हणजे एक टन, आणि तीही बहुधा भिंतीवर न ठेवता मोकळ्या जागेच्या मधोमध, म्हणजे कडीच्या सर्वांत नाजूक ठिकाणी.

मग कडी. तिचा मधला भाग टणक दिसतो, सडते ती टोके. भिंतीत शिरलेले शेवटचे तीस-चाळीस सेंटिमीटर कायम ओले राहतात आणि वारा लागत नाही. तिथे बुरशी आणि वाळवी लागते. पंधरा बाय पंचवीस सेंटिमीटरची कडी चारी बाजूंनी फक्त दोन सेंटिमीटर खाल्ली गेली, तर तिची वाक सहन करण्याची ताकद जवळपास निम्मी होते, कारण ताकद उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. बाहेरून रंग दिलेली कडी जशीच्या तशी दिसते. म्हणून जाणकार माणूस हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि टोकाशी आरी खुपसून पाहतो. आरी दोन सेंटिमीटर सहज गेली की टेकू लावायचा, चर्चा नंतर.

विसाव्या शतकातल्या घरांत लाकडाच्या जागी लोखंडी तुळया आल्या. त्यांचे दुखणे समुद्राच्या वाऱ्यातले मीठ. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून तुळईलगतचा गिलावा फुगून लांबच लांब पट्टीने सुटतो. अशी पट्टी दिसली की लोक नवा गिलावा मारतात. त्याने भेग झाकली जाते, आतला गंज मात्र चालूच राहतो.

तिसरे ओझे पोटमाळ्याचे. लाकडी माळा चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास. आठ सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा माळा चौरस मीटरला दोनशे किलो. वीस चौरस मीटरच्या खोलीत हा फरक जवळपास साडेतीन टनांचा होतो. शिवाय माळ्याच्या सळ्या भिंतीत रोवण्यासाठी भिंत खोदली जाते. या भिंती चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या, काही दाबलेल्या मातीच्या. त्या वरून येणारे वजन छान पेलतात, आडवा घाव त्यांना सोसत नाही. एका बिऱ्हाडाने दार मोठे करायला भिंतीचा तुकडा काढला, खालच्याने मोरी बसवायला दुसरा, आणि दोघांनाही एकमेकांचे ठाऊक नाही, असे घडते. छपराला धनी नसण्याचा अर्थ इथे अगदी जवळून दिसतो.

शेवटी भेगेत उगवलेले झाड. आपल्याकडे पिंपळ भिंतीत रुजतो तसे तिकडे ‘हागुएइ’ हा त्याचाच सोयरा. मूळ चुन्यात शिरते आणि जाड होत जाते. खोड कापून उपयोग नसतो, मूळ भिंतीतच राहते आणि पुन्हा फुटते. दगड काढून ते पुरते बाहेर घ्यावे लागते.

आता पाऊस. सगळे जड झालेले असते, आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनीही घर जाऊ शकते, कारण आत मुरलेले पाणी लगेच निघून जात नाही आणि भिजलेल्या चुना-मातीची ताकद परत येत नाही. जानेवारी 2020 मध्ये प्रभागातल्या हेसूस मारिया भागात सज्जा कोसळून तीन शाळकरी मुली गेल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये लाम्पारिया रस्त्यावरची इमारत पडली तेव्हा तीन माणसे गेली, त्यांतले दोघे अडकलेल्यांना सोडवायला आत शिरलेले बचाव दलाचे जवान होते. पहिल्या पडझडीनंतर उरलेला भाग अधिक धोक्याचा असतो, हे त्या घटनेने फार क्रूरपणे दाखवले.

1993 चा उपाय

शहराचा वारसा सांभाळणारे ‘शहराच्या इतिहासकाराचे कार्यालय’ 1938 पासून होते. एमिलिओ रोइग यांनी ते उभारले, 1967 पासून एउसेबिओ लेआल यांनी चालवले. डिसेंबर 1982 मध्ये जुने हवाना आणि त्याचे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, प्लासा व्हिएहासाठी जगभर मदतीची हाकही दिली गेली. पण सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचे उत्पन्न चार वर्षांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. 1993 मध्ये प्लासा व्हिएहाच्या कोपऱ्यावरचा एक मोठा वाडा, पूर्वीची सांतो आन्हेल शाळा, दुरुस्तीआधीच कोसळला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 143 क्रमांकाचा हुकूम निघाला. त्याने या कार्यालयाला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व दिले: कार्यालयाने हॉटेले चालवावीत, हद्दीतल्या धंद्यांकडून कर घ्यावा, परकीय चलन स्वतःकडे ठेवावे आणि ते याच भागात खर्च करावे. 1994 मध्ये हाबाग्वानेक्स ही पर्यटन कंपनी निघाली. जुन्या वाड्याचे हॉटेल, त्या हॉटेलच्या नफ्यातून शेजारच्या वाड्याची दुरुस्ती, असे चक्र सुरू झाले. पैसा जिथे मिळतो तिथेच राहिला, ही या उपायाची खरी ताकद. केंद्रीय नियोजनाच्या देशात हे अपवादात्मक होते.

लेआल आणि त्यांच्या माणसांनी रहिवाशांकडे पाठ फिरवली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. नफ्याचा मोठा भाग घरे, शाळा, दवाखाने यांवर गेला. इथल्याच बेलेन वस्तीतल्या मठात म्हाताऱ्यांसाठी दिवसाची देखभाल आणि व्यायाम सुरू झाले. शाळांची दुरुस्ती चालू असताना वर्ग संग्रहालयांत भरले, आणि ती पद्धत इतकी चांगली ठरली की पुढेही ठेवली. 1992 पासूनच्या कार्यशाळेत तरुण मुले दगड, गिलावा, सुतारकाम, काचकाम शिकून याच कामावर लागली. प्लासा व्हिएहाच्या पोटातले तळघर 1990 च्या दशकात फोडून काढले, फरसबंदी खाली आली, मध्ये इटलीच्या संगमरवराचे कारंजे आले. त्या कारंज्याभोवती कित्येक वर्षे उंच लोखंडी जाळी होती, कारण शेजारच्या घरांना पाणी हवे होते आणि तिथे ते वाहत होते. पाण्याचा टँकर, ‘पिपा’, बाजूच्या गल्लीत येई.

एका वाड्याचा हिशोब

माणसे का घटली, याचे उत्तर बरेचजण ‘हॉटेले झाली म्हणून’ असे देतात. ते अर्धेच खरे आहे. हिशोबापुरता एक वाडा घेऊ. तीन मजले, प्रत्येकी 200 चौरस मीटर खोल्यांची जागा, म्हणजे 600. पोटमाळ्यांनी त्यात 250 ची भर घातलेली. राहतात 26 बिऱ्हाडे, 84 माणसे. माळे धरून माणशी दहा चौरस मीटर, माळे वगळून सात.

दुरुस्तीचा क्रम असा: आधी घराघरातली माणसे, वय, राहण्याची वर्षे यांची नोंद. मग टेकू. मग घर रिकामे करणे. मग माळे आणि चौकातली बांधकामे काढणे, थर उपसून कड्या बदलणे, भिंती शिवणे. त्यानंतर सांडपाण्याची नवी नळी, टाके, पंप. शेवटी घरांचे वाटप. माळे गेले की 250 मीटर लगेच गेले, कारण ते धोक्याचे म्हणूनच तर दुरुस्ती. प्रत्येक घराला आता स्वतःचे स्वयंपाकघर आणि न्हाणी द्यायची, म्हणजे साधारण 45 चौरस मीटरचे घर. तळमजला दुकानांना दिला तर 400 मीटर उरतात, आठ घरे. अठरा बिऱ्हाडे बाहेर. आणि तळमजल्यावर एकही दुकान काढले नाही, सगळे 600 मीटर घरांनाच दिले, तरी घरे तेराच होतात. निम्मी बिऱ्हाडे तरीही बाहेर.

म्हणजे दाटी हीच जर आजाराचा भाग असेल, तर बरे करताना माणसे हलणारच. प्रश्न उरतो तो कुठे हलणार याचा. बाहेर गेलेल्यांसाठी खाडीपलीकडे आलामार आणि विमानतळाच्या वाटेवर काप्देविला इथे नवी घरे बांधली गेली. काही बिऱ्हाडे खुशीने गेली: पक्के घर, स्वतःची न्हाणी, छप्पर गळत नाही. काही परतली, कारण त्यांचे काम, शाळा, देवघर, ओळखी आणि बंदराजवळची मिळकत इथेच होती, आणि आलामारहून बस मिळणे हा दिवसाचा मोठा भाग खातो. दुसरी चूक तात्पुरत्या निवाऱ्यांची. घर रिकामे करायला जागा हवी म्हणून संक्रमण निवारे काढले जातात. दुरुस्ती लांबली की निवाऱ्यातले वर्ष दहा वर्षांचे होते, आणि तो निवारा पुढच्या वाड्यासाठी मोकळाच होत नाही. साखळी तिथे अडकते. पर्यायी घर तयार झाल्याशिवाय पहिला टेकू काढू नये, असे आमचे मत त्यामुळेच आहे.

घटीत आणखी भर पडली. 1997 मध्ये बाहेरगावच्या लोकांना हवानात राहायला येण्यावर बंधन आले: परवानगी हवी आणि घरात माणशी किमान दहा चौरस मीटर जागा दाखवायची. जुन्या हवानातल्या खोल्यांत ती अट क्वचितच पुरी होई. त्याच वर्षी पाहुण्यांना खोली भाड्याने देण्याचे परवाने सुरू झाले. रस्त्याकडची, सज्ज्याची खोली कमावू लागली, आतल्या चौकाकडची नाही. एकाच सोलारमध्ये पुढचे घर रंगले, मागचे तसेच राहिले. 2011 नंतर विक्री उघड झाली तेव्हा पुढच्या खोल्या आधी गेल्या.

आटलेला झरा

ऑगस्ट 2016 मध्ये हाबाग्वानेक्सची हॉटेले आणि दुकाने लष्कराच्या उद्योगसमूहाकडे गेली. इतिहासकार कार्यालयाचा पैशाचा झरा त्याच्या हातून निघाला. 2016 ते 2019 या काळात अमेरिकेची प्रवासी जहाजे धक्क्याला लागत होती, तोवर वर्दळीमुळे फरक दिसला नाही. जून 2019 मध्ये ती बंद झाली, पुढच्या वर्षी महामारी आली, आणि जुलै 2020 मध्ये लेआल गेले. 2018 मध्ये देशात 47 लाख पर्यटक आले होते, 2024 मध्ये सुमारे 22 लाख. सगळी दुरुस्ती एकाच मिळकतीवर आणि एका माणसाच्या शब्दावर उभी होती. दोन्ही चार वर्षांत गेले.

आता रिकामे होण्याचे कारण वेगळे आहे. 2021 नंतर तरुण देशच सोडून गेले. डिसेंबर 2024 अखेरीस क्यूबाची लोकसंख्या 97 लाखांवर आली. जुन्या हवानात एका खोलीत म्हातारी आई राहते, माळ्यावरचा मुलगा मायामीत किंवा माद्रिदमध्ये. वर कोणी नाही, म्हणून गळती लवकर कळत नाही. रिकामी खोली घरासाठी भरलेल्या खोलीइतकीच धोक्याची असते. मुलाने पाठवलेल्या डॉलरांतून खोलीच्या आतली भिंत रंगते, नवी फरशी येते, म्हणजे आणखी वजन. गच्चीवर ते डॉलर खर्च होत नाहीत, कारण गच्ची एकटीची नाही.

सान इसिद्रो आणि बेलेन या वस्त्यांमध्ये अजून शेकडो वाडे हात न लागलेले आहेत. पूर्ण जीर्णोद्धाराचा पैसा त्यांना मिळणार नाही हे धरूनच काम आखावे लागेल. अशा घरात थोड्या पैशांत करायच्या गोष्टींचा क्रम आम्ही असा लावू. सर्वांत आधी पन्हाळीची तोंडे मोकळी करणे आणि मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, गच्चीवर एकदा चढणे. मग टाक्या मधून उचलून जाड भिंतीच्या माथ्यावर हलवणे, खाली दोन आडव्या तुळया देऊन. मग भिंतीतली झाडे मुळासकट. मग प्रत्येक कडीची दोन्ही टोके ठोकून पाहणे आणि सडलेल्या टोकाखाली भिंतीलगत लाकडी खांब व आडवी धरणी देणे, खालच्या मजल्यावरही नेमक्या त्याच रेषेत, नाहीतर टेकूचे वजन खालच्या कडीच्या मध्यावर उतरते आणि वरचे घर वाचवताना खालचे पडते. सिमेंटचे माळे त्यानंतर काढणे, वरच्या मजल्यावरून खाली, तुकडे करून. आणि हे सगळे कोणत्या बिऱ्हाडाने कधी केले, हे जिन्याखाली एका फळीवर लिहून ठेवणे, म्हणजे पुढच्या मे महिन्यात गच्चीवर कोणी जायचे हे ठरलेले असेल.